घरच्या कॉन्ट्रॅक्टिंग फर्मचा इतिहास कसा लिहायचा: आधी साईट, मग फोटो

मुंबईत अशी कितीतरी घरं आहेत जिथे पणजोबा गवंडीकाम नाहीतर सुतारकाम करायचे, करता करता छोटी कामं अंगावर घ्यायला लागले, आजोबांनी पीडब्ल्यूडीचं किंवा म्युनिसिपालिटीचं रजिस्ट्रेशन काढलं, वडील आणि काकांनी सोसायट्या बांधल्या आणि आता नातवंडं रिडेव्हलपमेंटची टेंडरं भरतायत. पंच्याहत्तरावं वर्ष आलं की घरात विषय निघतो, आपल्या फर्मचा इतिहास लिहूया. आणि बहुतेक वेळा होतं काय, तर पहिल्या पानावर हार घातलेला फोटो, मग सचोटी, जिद्द, मेहनत, मग नातेवाइकांच्या शुभेच्छा, संपलं. त्या माणसाने नक्की काय बांधलं, कुठे बांधलं, कुणाच्या हातांनी, बिल अडकलं तेव्हा लेबरची खर्ची (रोजच्या खर्चाचे पैसे) कुठून आणली, यातलं काहीच येत नाही. आमच्या घरच्या फर्मचा इतिहास लिहायला घेतला तेव्हापासून ओळखीच्या अजून काही घरांना मी यात मदत केलीये, त्यातून जे उपयोगी पडलं ते इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो, कॉन्ट्रॅक्टरचा इतिहास त्याच्या जन्मापासून सुरू करू नका, त्याच्या कामांपासून करा. आणि हे लवकर करायला हवं कारण दादर, गिरगाव, लालबाग, माटुंगा, पार्ले, मुलुंड, कुठेही बघा, आपल्या आजोबांनी बांधलेल्या बिल्डिंगीच आता पाडायला घेतल्यात. बिल्डिंग गेली की तिच्याबरोबर तिथे राहणारी जुनी माणसंपण पांगतात आणि मग विचारायचं कुणाला.

तर पहिलं काम म्हणजे कामांची यादी. कोरी वही घेऊन आठवत बसू नका, ऑफिसातली टेंडरची जुनी फाईल काढा. प्रत्येक टेंडरला केलेल्या कामांची यादी जोडावी लागते, कामाचं नाव, कुणाचं काम, किती रकमेचं, कधी सुरू झालं, कधी संपलं. ही यादी म्हणजे तुमचा अर्धा इतिहास आयता टाईप करून ठेवलेला असतो. फक्त तिथे मागच्या काही वर्षांचीच कामं मागतात, म्हणून एकच फाईल बघून थांबू नका, जितक्या वर्षांच्या मिळतील तितक्या काढा आणि एकमेकांना जोडा. रजिस्ट्रेशन रिन्यू करतानाचे कागद, बँकेचं सॉल्व्हन्सी (ऐपतीचं) सर्टिफिकेट, कम्प्लिशन सर्टिफिकेट, वर्क ऑर्डर, हे सगळं त्यातच सापडतं. एक मात्र लक्षात ठेवा की त्या यादीत फक्त चांगली झालेली कामं असतात, जे काम अर्धवट सुटलं, जिथे भांडण झालं, ते तिथे नसतं, ते वेगळं शोधावं लागतं.

यादीत सब-कॉन्ट्रॅक्टची कामं नक्की घ्या. मुंबईत मोठ्या कंपन्या खूप आधीपासून आहेत, शापूरजी पालनजी १८६५ पासून आहे, वालचंद हिराचंद आधी रेल्वेची कंत्राटं घ्यायचे आणि मग १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. मोठी कामं घेणाऱ्यांच्या हाताखाली छोटे कॉन्ट्रॅक्टर कुणी दगडकाम, कुणी प्लास्टर, कुणी दारं-खिडक्या असं करत आलेत. तुमच्या घरच्यांनी एखाद्या मोठ्या इमारतीचं नुसतं फ्लोअरिंग केलं असेल तर "फ्लोअरिंग केलं" असंच लिहा, "इमारत बांधली" असं लिहू नका. खरं लिहिलेलं फ्लोअरिंग कुणी खोडून काढू शकत नाही.

आता कागद. ते ऑफिसात कमी आणि इतर ठिकाणी जास्त असतात, माळ्यावर, गोडाऊनमध्ये सेंटरिंगच्या फळ्यांमागे, जुन्या सीएकडे, वकिलाकडे, आणि भावाभावांत वाटण्या झाल्या असतील तर दुसऱ्या घरी. दुसऱ्या घरी जाताना "आम्हाला द्या" म्हणू नका, "तुमच्याकडेच ठेवा, आम्ही इथे बसून फोटो काढतो" म्हणा, खूप फरक पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी ऑफिसांतली कपाटं भिजली, त्यामुळे "आमच्याकडे काहीच नाही" असं कुणी म्हणालं तर ते खरं असू शकतं, पण तरी सीएकडे विचारा.

टाकायचं काय नाही ते सांगतो. हजेरी बुक, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही), आरए बिलांच्या (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलांच्या) कॉप्या, रेती-खडीची चलनं, सिमेंटचे परमिट, उचल दिल्याच्या चिठ्ठ्या, पार्टनरशिप डीड. लोक डीड ठेवतात आणि हजेरी रद्दीत देतात. माझ्या मते हजेरी बुक हा फर्मचा सगळ्यात मोलाचा कागद, कारण त्यात नावं असतात, गवंडी कोण, बिगारी कोण, कुणाचा रोज किती, कोण गावाला गेला, पंढरपूरच्या वारीला कोण गेला, शेतीच्या दिवसांत साईटवर किती माणसं उरली.

कागद हाताळताना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन अजिबात नको, गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. जुने निळे ब्लू प्रिंट उजेडात ठेवले की उडतात, ते गुंडाळून अंधारात ठेवा, आणि नंतरचे अमोनिया प्रिंट त्यांच्याबरोबर एका नळीत घालू नका. फॅक्सचा कागद काही वर्षांत कोरा होतो, त्याचा फोटो आजच घ्या. पावसाळ्यात हे काम काढू नका, दिवाळीनंतर हवा कोरडी असते तेव्हा बसा. स्कॅनिंग मोबाईलवर केलं तरी चालतं, फक्त फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग साईट, मग कागदाचा प्रकार, असं एकच वळण ठेवा.

यानंतरचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे तारीख नसलेल्या कागदाचं वर्ष काढणं. लेटरहेड बघा. पत्त्यात "बॉम्बे २८" किंवा "बॉम्बे १४" असं असेल आणि सहा आकडी पिन नसेल तर ते लेटरहेड बहुतेक १९७२ च्या आधी छापलेलं, कारण पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि त्या २८ चेच ४०००२८ झाले. "बॉम्बे"चं "मुंबई" १९९५ नंतर. सरकारी पत्रावर "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. रस्त्यांची नावं बघा, कॅडल रोड असेल की वीर सावरकर मार्ग, विन्सेंट रोड की आंबेडकर रोड, डिलाईल रोड की ना. म. जोशी मार्ग, पण इथे जपून, लोक जुनी नावं पुढे कितीतरी वर्षं वापरतच राहतात, छापलेली लेटरहेड संपेपर्यंत तर नक्कीच. म्हणून एका खुणेवर विसंबू नका, दोन-तीन जुळल्या की मगच वर्ष लिहा.

हिशेबात रुपये-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आसपास किंवा आधीचं, "नये पैसे" असेल तर त्यानंतरची काही वर्षं, १९६४ मध्ये त्यातला "नया" गेला. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैचा आणा हे नातवंडांना माहीत नसतं, तळटीप द्या. मापं पण बदलली, फूट-इंच जाऊन मीटर आले तरी रेती-खडी अजून ब्रासमध्येच बोलली जाते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. जुन्या हिशेबातली सिमेंटची गोण ११२ पौंडांची असू शकते, आत्ताची ५० किलोची, फरक थोडा आहे पण मोठ्या कामाच्या बेरजेत दिसतो.

आणि एक गोष्ट जिथे हमखास घोळ होतो. जुन्या फर्मचं हिशेबाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं, लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी. इन्कम टॅक्ससाठी सगळ्यांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष १९८९ पासून आलं. त्यामुळे चोपडीवर नुसतं "१९६२" असेल तर त्यातली काही कामं १९६१ च्या नोव्हेंबरातली असू शकतात, किंवा चोपडी १९६२ च्या दिवाळीला सुरू होऊन १९६३ पर्यंत गेलेली असू शकते, आत पहिलं पान आणि शेवटचं पान बघितल्याशिवाय लिहू नका. दिवाळीला सुरू होणारं विक्रम संवत असेल तर इसवी सन काढायला ५६ वजा करा, पण कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदी असतील तर ५७ वजा करा. पणजोबांच्या वेळच्या नोंदी मोडी लिपीत असतील तर घाबरून बाजूला ठेवू नका, मोडी वाचणारी माणसं मुंबईत मिळतात, वर्गही चालतात, आणि हिशेबाची मोडी पत्रांपेक्षा सोपी जाते कारण तेच तेच शब्द येतात.

घराबाहेरचे कागद थोडक्यात सांगतो. पार्टनरशिप असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडून उतारा मिळतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण कलम ६९ मुळे रजिस्टर नसलेल्या फर्मला बाहेरच्या माणसावर करारातल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडकतातच, म्हणून बहुतेकांनी कधी ना कधी रजिस्टर केलेलंच असतं. त्यातली मजा अशी की डीडमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर पार्टनर वारला की कलम ४२ प्रमाणे फर्म विसर्जित होते, म्हणून प्रत्येक मृत्यूनंतर, प्रत्येक मुलगा आत घेताना, कुणी बाहेर पडताना नवा डीड होतो. हे सगळे डीड तारखेप्रमाणे एकाखाली एक ठेवा, घरात कुणी न सांगितलेल्या गोष्टी दिसायला लागतात, कुठल्या वर्षी कुणाचा हिस्सा चार आण्यांवरून दोन आण्यांवर आला, कुठल्या वर्षी काकूंचं किंवा आजीचं नाव पार्टनर म्हणून आलं. आजीचं नाव आलं असेल तर का आलं ते विचाराच, नुसतं टॅक्ससाठी की तिचे दागिने मोडून भांडवल उभं केलं म्हणून, ती गोष्ट फर्मच्या इतिहासात पहिल्या प्रकरणात यायला हवी.

बिल्डिंगचं वर्ष काढायला म्युनिसिपालिटीच्या असेसमेंटच्या (घरपट्टीच्या) नोंदी, आयओडी (प्लॅनला अटींसह मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), ओसी (राहायला जायचा दाखला), प्रॉपर्टी कार्ड, सब-रजिस्ट्रारकडचा इंडेक्स-२ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) बघा, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, त्यांच्याकडे मंजूर प्लॅनची कॉपी बरेचदा असते, अडलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. शहर भागातली जुनी भाड्याची बिल्डिंग असेल तर म्हाडाची सेसची (दुरुस्तीसाठीच्या कराची) कॅटेगरी उपयोगी पडते, ए म्हणजे सप्टेंबर १९४० च्या आधीची, बी म्हणजे तिथून १९५० अखेरपर्यंतची, सी म्हणजे १९५१ ते सप्टेंबर १९६९. त्याहून जुनं सरकारी काम असेल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, आणि जुन्या वर्तमानपत्रांतल्या टेंडर नोटिसा, उद्घाटनाच्या बातम्या यांच्यासाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.

मग साईटवर जा. यादीतली प्रत्येक बिल्डिंग बघून या, उभी आहे का, नाव बदललंय का, पाडण्यासाठी भोवती पत्रे लागलेत का, आणि तिथल्या जुन्या रहिवाशाशी बोला. दगडी लोड बेअरिंग (भार भिंतींवरच असलेली) असेल तर दगड कुठला ते जाणकाराला दाखवा, पिवळसर मालाडचा की काळा, जिन्याचं आणि तुळयांचं लाकूड बर्मा टीक आहे का बघा, १९४२ मध्ये बर्मा जपानच्या ताब्यात गेल्यावर ते लाकूड येणं थांबलं होतं म्हणून त्यावरूनही काळाचा अंदाज येतो. आरसीसी असेल आणि स्लॅबचे पोपडे पडून सळ्या दिसत असतील तर लगेच "आजोबांनी माल खाल्ला" असा निष्कर्ष नको, आणि लगेच त्यांची बाजूही घेऊ नका. खाडीची रेती नीट न धुता वापरली की मिठाने सळ्या गंजतात, वर समुद्राची हवा आणि कित्येक वर्षं न झालेली दुरुस्ती. रेती कुठल्या बंदरावरून आली त्याचं चलन सापडलं तर तेही लिहा.

माणसांशी बोलणं कागदांच्या आधी नाही, नंतर करा. नुसतं "जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की सगळे तेच सांगतात, आप्पा फार शिस्तीचे होते, शब्दाला पक्के होते. हातात हजेरी बुक किंवा साईटचा फोटो घेऊन गेलात आणि विचारलंत की हा मुकादम कोण, कुठल्या गावचा, गँग किती माणसांची, स्लॅब भरायच्या दिवशी माणसं कुठून आणायचे, आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) ट्रक यायच्या आधी घमेली हातोहात वर कशी जायची, परांची कोण बांधायचं, रात्री दिवे लावून स्लॅब पुरा केला होता का, तर माणूस मोकळा होतो. आधी मुकादम आणि जुना हिशेबनीस यांना गाठा, मालक घरातच आहेत, ते नंतर भेटतील. मुंबई बांधली ती कोकणातून, घाटावरून, तेलंगणातून आलेल्या माणसांनी, कामाठीपुऱ्याचं नाव तिथल्या कामाठी मजुरांवरूनच पडलं, आणि तरी फर्मच्या पुस्तकात मजुरांचा उल्लेख "कामगार वर्ग" एवढाच येतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. हजेरीतली नावं छापा. पूर्ण नाव नसेल तर "महादू गवंडी" असं जे लिहिलंय तसंच छापा. जी माणसं हयात आहेत त्यांना विचारून छापा, आणि फोटोतल्या बायकांची नावं विशेष करून शोधा, डोक्यावर घमेलं घेतलेली बाई प्रत्येक फोटोत असते आणि तिचं नाव कुठेच नसतं.

दोन माणसं एकच गोष्ट वेगळी सांगतील. काका म्हणतील ते काम आम्ही सोडलं, मुकादम म्हणेल काढून घेतलं. कागद मिळाला तर कागदाप्रमाणे लिहा, नाही मिळाला तर दोन्ही लिहा, कुणाचं म्हणणं कुठलं ते नावानिशी.

आता शहरात काय चाललं होतं ते फर्मच्या गोष्टीत बसवायचं, पण फक्त जिथे तुमच्या चोपडीत त्याचा डाग दिसतो तिथेच. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंग्याचे प्लॉट पाडले, तुमच्या पणजोबांची पहिली कामं हिंदू कॉलनी नाहीतर माटुंग्यात असतील तर हे सांगावंच लागेल. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी झाल्या. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला, त्यानंतरची दुरुस्तीची कामं काही जणांच्या हिशेबात सापडतात. १९४७ चा भाडे कायदा आला, भाडी जुन्या पातळीवर गोठली, मग भाड्याने द्यायला चाळी बांधण्यात मालकांना रस राहिला नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरचा गिऱ्हाईकच बदलला, चाळमालक जाऊन हाऊसिंग बोर्ड आणि सोसायट्या आल्या. तुमच्या कामांच्या यादीत मालकाच्या नावाच्या रकान्याकडे बघा, हा बदल तिथे दिसतो का ते सांगा.

सिमेंटवर मात्र एक अख्खं प्रकरण लिहा. आजच्या पोरांना दुकानात फोन केला की सिमेंट येतं, पण १९८२ च्या आधी सिमेंट परमिटवर मिळायचं, परमिट मिळेपर्यंत साईट थांबलेली, लेबर बसून, आणि त्यांची खर्ची चालू. सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणावरून मुख्यमंत्री अंतुले यांना १९८२ च्या जानेवारीत पायउतार व्हावं लागलं आणि पुढच्याच महिन्यात नियंत्रण अर्धवट उठलं, पूर्ण उठलं १९८९ मध्ये. फर्ममधल्या ज्येष्ठांना नेमकं विचारा की टेंडरचा रेट आणि परमिट न मिळाल्यावर बाहेरून घेतलेल्या गोणीचा रेट यातला फरक कुणाच्या खिशातून गेला. त्याच १९८२ च्या जानेवारीत गिरणी संपही सुरू झाला, ज्यांच्याकडे गिरण्यांची मेंटेनन्सची कामं होती त्यांची चोपडी त्या वर्षी कशी दिसते बघा.

अजून एक वळण नीट नोंदवा, फर्म कॉन्ट्रॅक्टर राहिली की बिल्डर झाली. दुसऱ्याच्या जागेवर रेटने बांधणं वेगळं आणि स्वतः जागा घेऊन फ्लॅट विकणं वेगळं, धोका वेगळा, पैसा वेगळा, १९६३ चा मोफा आणि आता २०१६ चा रेरा हे फ्लॅटविक्रीचे कायदे बिल्डरला लागतात. कितीतरी घरांत भाऊ वेगळे झाले ते याच मुद्द्यावर, एकाला डेव्हलपमेंटमध्ये जायचं होतं आणि दुसऱ्याला नको होतं.

आणि वाईट गोष्टी. वाटण्या, अडकलेलं डिपॉझिट, ब्लॅकलिस्ट झाल्याचं पत्र, परांचीवरून पडून गेलेला माणूस. हे लिहायचं. भाषा साधी ठेवा, दोष देणारी विशेषणं काढून टाका, जिवंत माणसाबद्दल असेल तर छापण्याआधी त्याला वाचायला द्या, कोर्टात चालू असलेल्या केसबद्दल वकिलाला विचारल्याशिवाय ओळ टाकू नका. पण साईटवर गेलेल्या माणसाचं नाव, वर्ष आणि त्याच्या घरच्यांना काय दिलं हे पुस्तकात नसेल तर ते पुस्तक मला तरी खरं वाटत नाही.

लिहायला बसाल तेव्हा पिढीप्रमाणे प्रकरणं पाडू नका, साईटप्रमाणे पाडा. सात-आठ कामं निवडा, प्रत्येकाचं एक प्रकरण, त्यात टेंडर कसं मिळालं, रेट काय, आर्किटेक्ट कोण, मुकादम कोण, कुठे अडलं, कसं सुटलं, बिल कधी मिळालं, आज बिल्डिंग कशी आहे. घरातली लग्नं, आजारपणं, भांडणं त्या त्या वर्षाच्या साईटमध्ये आपोआप येतात. बाकीची सगळी कामं मागे यादीत, जुनं नाव, नवं नाव, जुना रस्ता, नवा रस्ता, आणि वर्ष नक्की नसेल तिथे "सुमारे". भाषा घरात बोलता तशीच ठेवा, ओळंबा, थापी, कोबा, सेंटरिंग, उचल, हे शब्द बदलून शुद्ध करू नका.

छपाई कमी करा, पीडीएफ सगळ्यांना पाठवा. एक प्रत सीएकडे किंवा वेगळ्या वाटलेल्या घरी ठेवा म्हणजे एकाच ठिकाणी सगळं राहणार नाही, एक ग्रंथसंग्रहालयाला द्या, आणि ज्या ज्या सोसायटीचं प्रकरण आहे तिच्या कमिटीला एकेक, रिडेव्हलपमेंटचा ठराव झाला असेल तर आधी त्यांना, कारण रहिवासी एकदा भाड्याच्या घरांत गेले की त्यांच्याकडचे फोटो मागायला पत्ते शोधत फिरावं लागतं.